चाळीस मुलांपर्यंत मोफत

चाळीस मुलांपर्यंत मोफत, असं लिहिलं होतं.
आमची तेवीस. पहिली ते चौथी,
एक खोली, एक व्हरांडा, मी,
आणि कोपऱ्यात तडा गेलेला माझा फोन.
अख्खी शाळा मावली फुकटात,
वर सतरा जागा उरल्या.

कार्डांच्या झेरॉक्स दारव्ह्यात काढल्या, दोन रुपयाला एक.
चिकटवायला जाड कागद हवा होता,
पोरांनी घरून लग्नपत्रिका आणल्या.
म्हणून समोरून काळे चौकोन
आणि पाठीमागे कुणाची तरी चि. सौ. कां.,
हळद सकाळी नऊला,
आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं.

कार्डाच्या चार बाजू, चार उत्तरं.
जे म्हणायचं ते वर धरायचं, बोलायचं नाही.
मी फोन फिरवते डावीकडून उजवीकडे
आणि एकेका नावापुढे ठिपका उमटतो,
हिरवा नाहीतर लाल.

रविना कुमरे तीन वर्षांत माझ्याशी
'हजर' सोडून काही बोलली नव्हती.
पहिल्याच दिवशी तिला दहापैकी नऊ हिरवे.
मी फोन तिच्याकडे वळवला.
तिनं पाहिलं,
आणि लगेच पत्रिकेमागे तोंड लपवलं.
कुणाच्या तरी गणपतीच्या वर
दोन डोळे तेवढे दिसत राहिले.

रविवारी मी पाण्याच्या टाकीच्या अकराव्या पायरीवर बसते.
बाराव्या पायरीवर रेंज जाते, दहावीवर येतच नाही.
तिथून आठवड्याचे प्रश्न उतरवून घेते,
तयार, फुकटचे,
दूरच्या शहरातल्या कुठल्याशा बाईंनी रात्री जागून केलेले.
त्यांना मी ओळखत नाही. आभार मानायची सोय आहे,
एक अंगठा असतो, तो दाबते.

सोमवारी पाचवा प्रश्न आला :
सांबार म्हणजे काय?
अ, डाळीचा पदार्थ. ब, हिरवा पाला.
क, फळ. ड, वाद्य.
तेवीस कार्डं सपकन फिरली.
इतक्या पटकन आजवर कधीच फिरली नव्हती.

ब. ब. ब. ब.
तेवीस लाल ठिपके.

"मॅडम, हा मोबाइल येडा झाला का वो?"
प्रज्वल खंडारे.
"आमच्या वावरात हाये ना जी सांबार, पाट्याच्या कडीले.
मंग काहून चूक?"

मला नगर जिल्ह्यातून इथं येऊन आठ वर्षं झाली.
पहिल्या वर्षी मी बाजारात कोथिंबीर मागितली
तेव्हा भाजीवाली शेजारणीकडे बघून हसली होती.
तिच्यापुढे जुड्याच जुड्या होत्या.
हे मी सगळ्यांना सांगते, गंमत म्हणून.

सांगत नाही ते असं, की त्याच वर्षी
भाज्यांची नावं लिहा, या प्रश्नाखाली
एका पोरानं लिहिलं होतं, सांबार,
आणि मी फुली मारली होती. लाल पेननं. मोठी.
तो पोरगा आता पुसदला आयटीआयला आहे.
वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो.

मधल्या सुट्टीत मी टाकीवर गेले.
पोरं खाली उभी राहिली, खिचडीची ताटं घेऊन.
एक बटण सापडलं : योग्य उत्तर बदला.
इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.
अ वरचा ठिपका काढला, ब वर ठेवला.
मग ते गोल गोल फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
फक्त आमच्यापुरतं, तेवीस जणांपुरतं बदलायचं होतं तरी.
त्या बाईंच्या शहरात अजूनही अ च असेल,
आणि तिथं ते बरोबरच आहे.

"झालं का जी?"
मी खाली पाहिलं. आवाज ओळखीचा नव्हता.
सगळी पोरं रविनाकडे बघत होती
आणि रविना माझ्याकडे,
तोंडासमोर काही न धरता.
खिचडीवर चिमूटभर सांबार.

"थांब," मी म्हटलं, "फिरतंय अजून."