आत्तापुरतं

औलूत नोव्हेंबरमध्ये दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
तूलिक्कीने लावला नाही.
पडद्याच्या उजेडात ती फाईल वाचत होती,
तीनशे बारा ओळी,
फक्त एवढंच सांगायला की आम्हाला काय काय लागतं.

लागतं किती, खरं तर?
तारखांसाठी एक, नकाशासाठी एक,
बर्फाची जाडी मोजणाऱ्या यंत्रांशी बोलायला एक.
बाकीचे त्यांच्याबरोबर आलेले.
आमंत्रण एकाला द्यावं
तर तो येतोच सहकुटुंब, सहपरिवार,
आणि आम्ही वेड्यासारखे
त्याच्या मेहुण्याचं, मेहुण्याच्या साडूचंही नाव
वेगळ्या पत्रिकेवर घालत बसलेलो,
वर प्रत्येकाच्या वयासकट:
इथे २.४.१,
पलीकडच्या मॉड्यूलमध्ये त्याच माणसाचं वय २.३.९.
भांडण तर होणारच.

ती ओळ पुसायची, बिल्ड लावायची,
कॉफी आणायला जायची.
अकरा मिनिटं.
हिरवं. पुढची ओळ.
हिरवं.
लाल झालं की काही न बोलता परत ठेवायची,
चुकून दुसऱ्याचं ताट उचलल्यासारखी.
आकडे तिने सगळे मुळाशी एका जागी नेले,
मॉड्यूलांत उरली नुसती नावं.
चौथ्या दिवशी फाईल एका पडद्यावर मावली.

मग ही ओळ.
तिच्या डोक्यावर शेरा: "आत्तापुरतं. इल्पो."
चौदा वर्षांपूर्वीचं आत्ता.
ती लायब्ररी कोण वापरतं
ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना,
आणि म्हणूनच हात लावायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त झालेल्या इल्पोला तिने कुहमोला फोन लावला,
स्पीकर चालू ठेवून. तो मासे साफ करत होता.
"ती होय," तो म्हणाला. नळ बंद झाल्याचा आवाज.
"नकाशावाले स्वतःला काय लागतं ते धड सांगत नव्हते तेव्हा.
त्यांच्या वतीने मी सांगितलं.
आता सांगतात का?"
"सांगतात. आठ वर्षं झाली."
"मग?"

तिने ओळ पुसली.
फोन कुणीच ठेवला नाही.
अकरा मिनिटं दोघं गप्प
(आमच्याकडे यात काही अवघडलेपण नसतं),
तिकडे मधूनच सुरी फळीवर घासायची,
इकडे पंख्याची घरघर.

"हिरवं," ती म्हणाली.
"हं."
मग जरा वेळाने, हवामान विचारावं तसं,
"माझं नाव कुठे राहिलं का?"
तिने शोधलं. एकोणीस ओळी,
त्यांत नव्हतं.
"इतिहासात आहे. बदलाबदलापुढे.
तो कुणी पुसत नाही."
"बरंय," तो म्हणाला, "मांजर आलंय माशांपाशी,"
आणि ठेवला.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडत होतं.
तूलिक्कीने एक नवी ओळ लिहिली, त्या आठवड्यातली एकुलती,
वर शेऱ्यात "आत्ता" एवढं टाइप केलं,
थांबली,
खोडलं,
आणि ती कशासाठी हवी आहे ते लिहिलं.