एक यायला, एक जायला

मे महिन्यात घाटकोपरच्या सिग्नलला
मागून फ्रिज टीं-टीं करू लागला.
चारवर राहायला हवा, सातवर गेला,
मग नऊ.
चाळीस लिटरचा डबा, व्हॅनच्या बॅटरीवर चालणारा,
त्यात अकरा बाटल्या आईच्या दुधाच्या,
घरोघरून गोळा केलेल्या,
वॉर्डातल्या दिवस न भरलेल्या बाळांसाठी.

अकराही ओतून द्याव्या लागल्या.
एकीवर निळ्या शाईत लिहिलं होतं:
शेवंता बनसोडे, ८० मिली, पहाटे ४.१०.
पहाटे चार दहाला कोण उठून बसतं,
स्वतःचं पाजून झाल्यावर
दुसरीच्या बाळासाठी?
बेसिन किती वेळ पांढरं राहिलं.
तिला मी अजून सांगितलेलं नाही.

मी फ्रिजलाच शिव्या दिल्या,
आकडा उणे दहावर नेऊन ठेवला.
बॅटरी बसली, एवढंच.

कुर्ल्याच्या परकार मिस्त्रींनी काही उघडलंच नाही.
व्हॅनच्या मागच्या दारात उकिडवे बसले,
खिशातून मोगऱ्याची उदबत्ती काढली,
पेटवून फ्रिजच्या जाळीपाशी धरली.
"बघा, ताई."
धूर एका बाजूने ओढला गेला,
दुसऱ्या बाजूने फेकला गेला,
पत्र्यावर आपटला, वळला,
आणि निमूट पहिल्याच जाळीत शिरला.
"आपलाच उच्छ्वास परत घेतोय बिचारा.
थंडी हा बनवत नाही, ताई. थंडी कुणीच बनवत नाही.
हा आतली ऊब उचलतो नि बाहेर टाकतो.
टाकायला तुम्ही जागाच ठेवली नाही.
वर ही गोधडी कशाला?"

गोधडी मीच घातली होती.
ऊन लागू नये म्हणून.

मग तीन दिवस: फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे,
मध्ये प्लायची आडभिंत,
गरम हवेची नि गार हवेची गाठ पडू नये म्हणून.
लॅमिंग्टन रोडवरचे दोन पंखे, जुन्या कॉम्प्युटरांतले,
तळाशी एक ओढणारा, वर एक फेकणारा.
पत्र्याला भोक पाडताना माझ्या पोटात गोळा आला,
व्हॅनचे हप्ते अजून चालू आहेत.
"एकाच भोकात भागवा ना," मी म्हटलं.
"एक भोक म्हणजे बाटली," मिस्त्री म्हणाले.
"एक यायला, एक जायला."
बाहेरून मच्छरजाळी, झाकणाचं तोंड मागच्या बाजूला,
पावसाने आत डोकावू नये.

आता छेडानगरच्या पुलाखाली अर्धा तास अडकले तरी
चार. कधी पाच, मग परत चार.
पंख्यांचा आवाज येतो,
काड्यापेटीत भुंगा ठेवल्यासारखा.

रात्री घरी. पुनर्वसनची इमारत, दुसरा मजला.
खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत,
हात लांबवला की लागते.
बाबा उघड्या अंगाने फरशीवर,
पंखा त्यांना तीच ती हवा पुन्हा पुन्हा वाढतोय.
मी उदबत्ती पेटवली.
"आज काय आहे?" बाबांनी विचारलं.
धूर खिडकीपर्यंत गेला, भिंत बघून परत आला.
मी दार उघडलं.
पॅसेजमध्ये जाऊन तो घुटमळला.
वास आला म्हणून समोर गायतोंडेबाईंनी दार उघडलं.
त्यांची खिडकी नाल्याकडे, म्हणजे मोकळी.
धूर न विचारता
त्यांच्या स्वयंपाकघरातून निघून गेला.

"उघडंच ठेवू का जरा?" त्या म्हणाल्या.
बाबांच्या उशाशी
कॅलेंडरचं पान हललं.