कापडाची गाडी

पुलगावजवळच्या बंद जिनिंगच्या शेडमधून
यांनी ती ट्रॅक्टरमागे बांधून आणली,
दोन माणसांपुरती, बिनछपराची,
सीटखाली उंदरांनी साठवलेली सरकी
आणि डिकीत कोंबडीचं एक जुनं अंडं.
"तीस वर्सं यष्टी खोलली मी," हे म्हणाले,
"हे तं खेळनं हाय."

दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन बसले.
दाराला पोचा होता, त्यावर पहिला ठोका घातला.
पोचा निघाला नाही, दारच फुटलं,
कवेलू फुटतं तसं,
आणि आतून पांढरे धागे बाहेर आले.

बराच वेळ हे हातोडीकडे पाहत राहिले.
यांना लोखंड कळतं.
लोखंड ठोकलं की ऐकतं, तापवलं की वळतं,
चुकलं तर पुन्हा तापवता येतं.
मी मशीनवरून उठले,
एक धागा दोन बोटांत धरून ओढला.
"अवो, हे कापड हाय," म्हटलं. "याले ठिगळ लागते."

नागपूरहून काचेचं कापड आलं, रेझीनचा डबा आला,
हार्डनरची इवलीशी बाटली, थेंब मोजून घालायची.
मी पेपरवर दार बेतलं
ब्लाउजच्या पाठीसारखं, इंचभर माया सोडून,
आणि लग्नानंतर घेतलेली माझी कात्री
काचेवर चालवली.
पुन्हा ती कापडावर चालली नाही.
धारवाला इस्माईल पातं उलटंसुलटं करत म्हणाला,
"भाभी, कापलं तरी काय यानं?"

मे महिना. दुपारी वाटीत कालवलेलं रेझीन
ब्रश बुडवेपर्यंत दगड होतं,
वाटीसकट धूर सोडतं.
म्हणून पहाटे साडेतीनला उठायचं,
कूलर बंद करायचा, ओल चालत नाही,
बल्बखाली एक थर, त्यावर दुसरा आडवा,
बुडबुडा दिसला की बोटानं काठाकडे हाकलायचा.
मनगटात काच बसायची,
खाजकुयरीसारखी, दिसायची नाही आणि जायची नाही.
शेवंता टेलरकडून ब्लाउज घेऊन परत आली, टेलर म्हणजे मीच,
म्हणाली, "वयनी, शिवन चांगली हाय,
पन हे टोचते कायले?"

खालची चासी मात्र गंजलेली. ते यांचं काम.
बोल्ट सुटले, बॉडी उचलायला चौघं जमले,
ऊन लागू नये म्हणून वरून माझी पांढरी चादर.
खांद्यावर घेतली तर वजनच नाही.
रस्त्यानं जाणारे एक म्हातारबा सायकलवरून उतरले,
टोपी काढली, हात जोडले,
दबक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं, बाप्पा?"
डोमाजी फिस्सकन हसला,
त्याचा कोपरा निसटला,
आणि आदल्याच आठवड्यात केलेला मडगार्ड तडकला.
पुन्हा दोन पहाटा.

घासता घासता रंग उतरले,
लाल, त्याखाली पांढरा, त्याखाली कच्च्या संत्र्याचा हिरवा.
बॉनेट उलटं केलं.
आतल्या बाजूला, जिथं कुणी रंग देत नाही,
रेझीनमध्ये रुतून बसलेला
बांगडीचा तुकडा.
"काढू का?" यांनी पॉलिश पेपर उचलला.
मी हात धरला. काही बोलले नाही.
मनगट खाजवत होतं.

इंजिन अजून घेत नाही.
सेल्फ मारला की खोकतं, पडवीतली शेळी दचकते.
काचेभोवतीचं रबर तर कुठंच मिळेना,
यवतमाळचा एक जण देतो म्हणाला, मग फोनच उचलेना.
गाडी विटांवर उभी आहे.
दिवेलागणीला मी स्टिअरिंगवर बसते,
हे बाजूला, मांडीवर कार्ब्युरेटर घेऊन,
सुईनं त्याचं भोक साफ करत.
माझीच सुई, अकरा नंबरची.

फाटकाशी कुणी गिऱ्हाईक थांबतं,
"वयनी, कधी होईन मंग?"
मी बसल्या जागेवरून सांगते, मंगळवारी.
कशाचं विचारलं
ते ती सांगत नाही.