पारोळा रोडवर, गाडीखाली

रत्नागिरीची पासिंग, म्हणून स्वस्तात पडली.
दारं गुळगुळीत, सीट-कव्हर नवं,
डॅशबोर्डवर चिकटवलेला कुणाचा तरी गणपती.
वरून दिसतं तेवढं मी पाहिलं
आणि पैसे मोजले. पैसे मोजणं हीच माझी नोकरी,
जिल्हा बँक, काउंटर तीन.

हिलाल मिस्तरीने वरून काहीच पाहिलं नाही.
गोणपाट अंथरलं, बॅटरी दातात धरली,
पाठीवर सरकत आत गेला.
बराच वेळ नुसती पान्याची टकटक,
बाजारात टरबूज वाजवून बघावं तशी.
ठण. ठण. ठण.
मग एकदा
थप्प.

"लेतांना गाडीनं पोट दखं व्हतं का, ताई?"

मी म्हटलं, आप्पा, हे धुळं आहे.
इथे चैत्रात ओली चादर दोरीवर टाकून
मागे वळेपर्यंत तिचा पापड होतो.
इथे कसला गंज?

"इथला नाहीच तो. सोबत आलाय."

मग मलाही त्याने खाली बोलावलं.
एक्कावन्नाव्या वर्षी, साडी खोचून,
मी एका गाडीच्या पोटाखाली आडवी झाले.
वर तपकिरी पापुद्रे, जुन्या तव्यासारखे.
दाराखालच्या पोकळ पट्टीचं रबरी बूच
त्याने नखाने काढलं,
आणि बारीक, करडी वाळू
गळत राहिली, गळत राहिली,
माझ्या कानाशी तिचा एवढासा ढीग झाला.
त्यात शिंपल्याचा एक तुकडा, नखाएवढा.

समुद्र मी पाहिलेला नाही.
बोट लावून चाखलं. खारट.
मिस्तरी हसला नाही, हे त्याचं चांगलं.

चार दिवस गाडी त्याच्याकडे.
पहिल्या दिवशी खालून पाण्याचा मारा,
दोन दिवस नुसती उन्हात उभी.
"उन्हाचं बिल लावत नाही," म्हणाला.
मग तारेचा ब्रश, भुगा, शिंका,
मग ते औषध, ज्याने गंज जांभळा होऊन काळा पडतो,
मग रेड ऑक्साइड,
आणि वरून डांबरासारखा जाड लेप.
शेजारचा म्हणाला, जळकं ऑइल फासा, फुकटात होईल.
"रबर खातं ते," एवढंच बोलून
मिस्तरीने कळण्याची भाकरी मोडली.

बॉनेटखाली माझी पाळी.
बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी फुलं आलेली,
खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती फसफसत गेली.
काचेखालच्या खाचेत कडुलिंबाचा पाला,
त्याच्या तळाशी निळ्या लोकरीचं उंदराचं घर, रिकामं.
कुणाचा स्वेटर होता, कोण जाणे.
पुसलं, वाळवलं, टोकांना व्हॅसलीन लावलं.
आईच्या टाचांना लावायचे, तेवढंच.

लेप देताना सायलेन्सरला कागद गुंडाळायचा असतो
आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची असतात.
भोकं मिस्तरीने स्वतः तपासली, एकेक, काडी घालून.
"पाणी येणारच. त्याला जायला दार पाहिजे.
लेप देऊन दारं बुजवणारे लई भेटतात."
सायलेन्सर त्याने बन्सीवर सोपवला.
बन्सी सोळा वर्षांचा, लक्ष मोबाइलमध्ये.

म्हणून पारोळा रोडपासून देवपूरपर्यंत
मी धुराचा पदर लावून आले.
पांझरेच्या पुलावर एक रिक्षावाला ओरडला,
ताई, गाडी पेटली!
दुसरा ओरडला, पळा!
मी काच वर केली आणि दुसऱ्या गिअरमध्ये
जळक्या डांबराच्या वासात घरी पोचले.
मिस्तरीने फोनवर बन्सीला दिलेल्या शिव्या
मला इथे लिहिता येत नाहीत.

शिंपल्याचा तुकडा बन्सीनेच ठेवला, वाटतं.
विचारलं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी
केरसुणीची काडी मोडून मी खाली सरकले.
पोर्चमधून शेजारच्या विमलबाई वाकून बघत होत्या,
काय हरवलं म्हणून.
भोक मोकळं होतं.
काडी फिरवली,
आणि अजून चार कण पडले.