रविवारचा स्कोअरर

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, निलगिरीखाली,
माझी खुर्ची.
खुर्ची म्हणजे भरमा हलगेकरच्या मंडपातली,
एक पाय बुटका,
त्याखाली वीट.

आठवडाभर पतपेढीत लोकांचे आकडे लिहितो,
रविवारी टेनिस बॉलचे.
बायको म्हणते, फरक काय?
फरक एवढाच,
की इथं कुणाच्या धावांवर
व्याज लागत नाही.

मी स्वतः खेळलो नाही कधी धड.
शाळेत एकदा बारावा गडी होतो,
लिंबाच्या फोडी वाटल्या, पॅड बांधून दिले,
जिंकल्यावर फोटोत अर्धा आलो.
तो अर्धा अजून
शहापूरच्या घरात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.

वही लांबट, लाल कापडाची, खडेबाजारातली.
दुकानदार विचारतो, किराणा की उधारी?
मी म्हणतो, उनाडकी.
तो पाच रुपये कमी घेतो.

खरी गंमत नावांत.
अनगोळचे पोरगे यादी देतात मराठीत,
महांतेशनगरचे कन्नडमध्ये,
कॅम्पवाले इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं,
जणू रागावून लिहिल्यात.
मी तिन्ही वाचतो आणि हाताला येईल तसं उतरवतो.
त्यामुळं माझ्या पानावर
ईरण्णा हुक्केरी, झेल आंतोन लोबो, गोलंदाज परशराम आष्टेकर
एकाच ओळीत, तीन लिप्यांत, बाद.
कुठल्याही कचेरीत हा कागद
खिडकीतूनच परत आला असता.

हुक्केरी मात्र लगेच गेला नाही.
बॅट काखेत धरून सरळ माझ्याकडं आला.
"बरद्रेन री, सर?"
"बरदेनप्पा."
मग वाकून, हळूच, मराठीत:
"पेन्सिलीनं की पेनानं?"
पेनानं, म्हटलं.
मग गेला.

सातव्या षटकात बॉल गेला रेघेकडं,
आणि रेघच नव्हती.
सकाळी मारलेली फक्की होती पुसलेली,
हाताएवढी गॅप.
आत, बाहेर, आत, बाहेर,
अकरा अधिक अकरा, अधिक कुल्फीवाला.
तेवढ्यात धामणेकरमामा, काठी टेकत, फेरी मारून आले.
म्हणाले, "कशाला ओरडूलाईसा?
माझा रस्ता आहे तो.
पस्तीस वर्षं झाली,
तुम्ही रेघ मारता नि मी त्यावरनं चालतो."
आणि चालू लागले.
पंचानं चार दिल्या,
कारण चहा येताना दिसला.

संध्याकाळी सायकलवर परत.
दुसरं गेट पडलेलं.
पुढं स्कूटर, त्यावर एक बाई, मांडीवर कुंद्याचा डबा,
मागं एक पोरगा, पुठ्ठ्याच्या खोक्यात
कबुतरं घेऊन.
भोकांतून चोची.
"काका, मॅच कोण जिंकलं?"
आणि मला आठवेना.
दिवसभर एकेक चेंडू लिहिला,
आणि आठवेना.

गेटवरच वही उघडली.
फलंदाजांच्या धावा, अधिक अवांतर: सत्त्याऐंशी.
चेंडूचेंडूनं मोजल्या, तर अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
कुठंतरी एक धाव आहे, कुणाच्याही नावावर नसलेली,
बहुधा तेव्हाची,
जेव्हा सगळे रेघ शोधत होते
आणि दोघं मधे
गुपचूप एकदा पळून आले.

हुबळीकडची मालगाडी गेली, लांबच लांब.
एकदा वाटलं, पेन काढून ती कुणाला तरी देऊन टाकावी,
हुक्केरीला, किंवा त्या परशरामला,
दोन वर्षं झाली, शून्याच्या पुढं गेलेला नाही बिचारा.

पोरगा अजून बघत होता.
"अनगोळ," मी म्हटलं. "बहुतेक."
तो म्हणाला, "एकानं काय?"

गेट उठलं.
मागनं कुणीतरी घंटी वाजवली,
"ओ मास्तर, काय करूलाईसा,
सरका की पुढं."