भूक लागायच्या आधी

उईके सर म्हणाले, भूक लागायच्या आधी खा.
वहीत लिहून घेताना मला हसू आलं.
गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत
भुकेआधी खायची ती बाळंतीण,
नाहीतर दुखणेकरी.
बाबा मागावर बसत, पाय खड्ड्यात,
पावडीवर डावा, उजवा, डावा,
आणि लुगडं उतरलं की मगच भाकर.

पहाटे साडेतीन. आमचं सावजी भोजनालय
कालच्या रश्श्याच्या वासात गाढ झोपलेलं.
कांद्याची पोती मोजायच्या काट्यावर मी उभी राहते:
बावन्न किलो सातशे.
चिंधूने रात्रीच बटाटे उकडून ठेवलेत,
लिंबाएवढे, मिठात घोळलेले.
"तिखट नाही लावलं बाई," म्हणाला होता,
"पन हात तं तोच हाय."
खरंच. पहिल्याच बटाट्यात
दगडफुलाची एक पुसट आठवण.

झीरो माइलच्या घोड्यांपाशी पहिला घोट.
(हे चौघे कित्येक वर्षं उधळलेत,
आणि पाण्याच्या टिपूसभर नाहीत.)
सेमिनरी हिल्सच्या चढाला गुळाचा खडा
गालात ठेवून द्यायचा, चावायचा नाही,
तो विरघळेल तसा चढ विरघळतो,
निदान तसं समजायचं.
फुटाळ्याच्या काठावर कणसांच्या गाड्या
ताडपत्री पांघरून.
बटाटा दोन. बटाटा तीन.
पोट कुरकुरतं, पण घेतं.

मागच्या वर्षी मी शहाणपणा केला होता.
नुसतं पाणी. प्रत्येक वळणावर पाणी.
मीठ कशाला, उगाच ब्लडप्रेशर, असं कोणीतरी म्हणालं होतं.
खापरीच्या पुढे बोटं सुजली,
बांगडी मनगटात रुतली,
डांबर ओल्या कणकेसारखं पायाखाली दबायला लागलं,
आणि लोक म्हणत होते, ताई, पाणी प्या, अजून पाणी प्या.
पाण्यात बुडायला तळंच लागतं असं नाही.
पेट्रोल पंपाजवळच्या पोहेवाल्याने
माझ्याकडे एकदा पाहिलं, पोहे बाजूला सारले,
आणि काचेच्या ग्लासात नुसती तर्री ओतली.
"प्या जी. काही नाही होत."
लाल, खारट, कढत.
डोळ्यांतून, नाकातून, कानांतून वाफ.
मग हळूहळू रस्ता टणक झाला
आणि मला माझं आडनाव आठवलं.
हे सरांना अजून सांगितलेलं नाही.

आज बत्तिसावा किलोमीटर.
मेट्रोचे खांब मोजणं केव्हाच सोडलंय.
भूक नाही. तहान नाही. काहीच नाही,
घड्याळ मात्र म्हणतं: खा.
नववा बटाटा हातात, आणि जबडा
जुन्या कुलपासारखा.
तेव्हा आठवलं. दिवाळीआधीची घाई,
व्यापारी दारात बसलेला,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
बाबांचे दोन्ही हात गुंतलेले,
आणि आई खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून
भाकरीचा तुकडा झुणक्यात बुडवून
सरळ त्यांच्या तोंडात.
बाबा मान न वळवता चावत.
पावडी थांबत नसे.
त्याला आम्ही जेवण म्हणत नव्हतो,
म्हणून मला ते आठवतच नव्हतं.
आई फक्त म्हणायची, "तोंड चालवा."

मी तोंड चालवलं.
घास खाली उतरला की नाही,
हे पुढच्या दोन खांबांपर्यंत कळलं नाही.
मग पायांना कळलं.

साडेनऊला काट्यावर पुन्हा:
एकावन्न किलो चारशे.
चिंधूने काटा ठोकून पाहिला,
कांद्याच्या पोत्यानं बी इतकं फसवलं नव्हतं म्हणाला,
आणि आंबिलीचा लोटा पुढे केला,
मीठ जास्त, ताक थोडं.
मी पीत असताना त्याने
उधारीच्या वहीत, निपाणेंच्या मटणाखाली,
ओळ घातली:
बाई, तेराशे ग्रॅम, बाकी.