मागचं फाटक

डॉक्टरीण पोरसवदा, चष्मा डोक्यावर.
गोळ्यांच्या खाली तिनं लिहिलं:
चालणे, रोज चाळीस मिनिटे.
म्हटलं, बाई, पहाटे चारपासून उभीच असते,
दीडशे डब्यांच्या पोळ्या लाटते.
ती म्हणाली, उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.
हे मात्र खरं.
उभं राहून मी कुठंच पोचलेले नाही.

विक्रोळीच्या आमच्या खोलीतून बाग दिसते.
बहावा, घसरगुंडीचं पिवळं टोक,
आणि ती गोल लाल वाट, जिच्यावर
पांढरे बूट फिरत असतात.
मधे एक गटार आणि मागचं फाटक.
आधी त्याला कडी होती, मग साखळी.
मग टॉवरवाल्यांचा अर्ज गेला कुठंतरी
आणि लोखंडी पट्टी वेल्ड झाली.
आता त्यावर आमची फडकी वाळतात.

पुढचं फाटक म्हणजे भिंतीच्या कडेकडेनं,
शाळेला वळसा, सिग्नल.
तेरा मिनिटं. घड्याळ लावून मोजली.
पोचले तर बाग बंद.
अकरा ते चार बाग झोपते.
सकाळचे डबे गेले की रात्रीची कणीक भिजेपर्यंत
माझ्याकडे तेवढंच असतं, अकरा ते चार.
तांडेल वॉचमन गजांच्या आतून म्हणाला,
मावशी, झाडांनाही विश्रांती लागते.
जांभळाखालच्या बाकावर
त्याची उशी मला दिसत होती.

मग मी बाहेरूनच चालायला लागले.
डावा हात भिंतीला, उजवीकडे रिक्षा.
एका ठिकाणी फांदी बाहेर आलीय:
सहा पावलं सावली.
ती मी हळू चालते.

दीड फेरीत एकोणचाळीस मिनिटं भरतात,
पण दीड फेरीला माणूस कुलपासमोर असतो
आणि घर पलीकडे.
म्हणून दोन.

महिन्याभरानं बिस्मिल्ला आली, गुडघ्याला पट्टा बांधून.
मग निर्मळ्यांची थोरली सून,
तिला काही झालेलं नाही,
ती नुसती घराबाहेर पडायला येते.

साखर उतरली थोडी.
डॉक्टरीण खूश. कुठल्या बागेत जाता?
मी नाव सांगितलं.
खोटं कसं म्हणायचं, भोवतीच तर असते.

दर फेरीला मागचं फाटक येतं.
बिस्मिल्ला फडकी बाजूला सारते,
दोन्ही हातांनी पट्टी हलवून बघते.
व्यायाम, म्हणते.
काल जरासं वाजलं.